गोजराआक्काची घोडी

फार वर्षांमागं करंजथडी गावात गोजराआक्का नावाची सुईण राहायची. तिच्या हातून अडलेली बाई सुटली नाही असं कधी झालंच नाही, असं म्हणतात.

एकदा हाशम नावाचा घोड्यांचा सौदागर नदीकाठी उतरला. त्याची समुद्रापलीकडून आणलेली उंच, देखणी घोडी वाटेत अडली. शिंगरू पोटात आडवं आलं होतं. हाशम आक्काच्या दारात आला.

"मी बायकांची सुईण, बाबा. घोडीचं मला काय कळतंय?" आक्का म्हणाली. तरी गेली. घोडीच्या डोळ्यांत बघितलं आणि बाह्या वर सारल्या. "हिलाबी तशाच कळा येतायत की."

तिनं शिंगरू हातानं फिरवलं. घोडी सुटली. पण शिंगरू निघालं ठेंगणं, जाड हाडांचं. बाप कुठलातरी डोंगरी तट्टू असणार, हे हाशमनं ओळखलं. "असलं कोण घेणार?" म्हणत तो घोडी घेऊन पुढं निघून गेला.

शिंगरू आक्काच्या अंगणात राहिलं. तिच्याकडं एकच शेळी होती. पण दुसऱ्या दिवसापासून गावातल्या सगळ्या शेळ्या सकाळ-संध्याकाळ आपणहून तिच्या दारात येऊन उभ्या राहू लागल्या, असं म्हणतात. त्या दुधावर शिंगरू वाढलं आणि शेळ्यांमागं कडे-कपारी चढायला शिकलं. मादी होती. आक्कानं तिचं नाव ठेवलं सावळी.

पाच वर्षं गेली. एका उन्हाळ्यात भर दुपारी तांबडगडावरून एक स्वार आला. त्याचा घोडा गावात पोचताच कोसळला. "आक्का, किल्लेदाराची लेक तीन दिवस अडलीय. चल!"

गडाची वाट डोंगराला वळसा घालून जायची. चालत गेलं तर अख्खा दिवस. सरळ जायचं तर डोंगराचा उभा दांड, तिथं माणूसही हात टेकत चढायचा. आक्का जन्मात कधी घोड्यावर बसली नव्हती. ती बोचकं उचलून अंगणात आली. तेवढ्यात सावळी तिच्यापुढं गुडघे टेकून खाली बसली.

आक्कानं बोचकं पाठीला बांधलं, दोन्ही हातांनी आयाळ धरली आणि डोळे मिटले. गावानं खालून बघितलं. खुरांच्या ठिणग्या भर उन्हात दिसत होत्या. गडावरच्या नगारखान्याची सावली वीतभरही सरकली नव्हती, तोवर सावळी गडाच्या दारात होती, असं म्हणतात.

आत आक्का पोरीच्या उशाशी बसली. "घाबरू नगंस, माझे बाय. आले मी."

मूल झालं, पण रडेना. आक्कानं त्याची पाठ चोळली, तोंड पुसलं, पुन्हा चोळली. मग ते असं रडलं की बुरुजावरच्या पहारेकऱ्यानं ऐकलं. तीन दिवस उभा असलेला किल्लेदार तिथंच उंबऱ्यावर मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडला.

"काय हवं ते माग, आक्का."

"तुमच्या पागंतला सगळ्यात चांगला घोडा माझ्या सावळीला दाखवा."

पागेतली माणसं हसली. "या तट्टाला?"

"हसू नका," किल्लेदार म्हणाला. "तो दांड तुमच्यातला कोण चढलाय?"

त्यातून जी शिंगरं झाली, तेच हे करंजथडी घोडे. पाय दगडासारखे, दम न संपणारा. डोंगराच्या शर्यतीत त्यांच्यापुढं आजही कुणी टिकत नाही.

दर चैत्रात गावात त्यांची शर्यत होते. एकच नियम आक्काच्या नावानं आहे. बाळंतिणीसाठी कुणी वाटेनं निघालं, तर शर्यत तिथल्या तिथं थांबते. मागल्या साली थांबली. बारा स्वारांनी लगाम खेचले आणि वाट सोडली. गाडी मधून निघून गेली, पुढं नर्सबाई बसलेल्या. हजारभर माणसं उन्हात गप्प उभी होती. तासाभरानं फोन आला, "दोघं सुखरूप!" तेव्हा कुठं लोकांनी फेटे उडवले आणि घोडे पुन्हा सुटले.