बाळाच्या टोपड्याचं सोनं

एक होता राजा. त्याला वाटायचं, जगात चमकायचं ते आपण एकट्यानेच. त्याच्या गावात राहायची भिवरा चितारीण. गेरू, हळद, नीळ पाण्यात कालवायची आणि चित्रं काढायची. पाठीला तिची तान्ही मथी बांधलेली असायची.

एकदा राजाने आपल्या दरबाराचं चित्र काढायला सांगितलं. सोबत सोन्याचा वर्ख पाठवला. मिठाईवर असतो ना पातळ, तसा, बरं का. "माझ्या मुकुटाला लाव," म्हणाला. आणि दोन शिपाई भाले घेऊन तिच्या डोक्याशी उभे केले.

भिवराने कागदावर डिंक लावला. तो वाळला की त्यावर तोंडाने हाऽ करायचं. मग डिंकाला ऊब मिळते आणि वर्ख घट्ट बसतो. पण भाले बघून तिचा श्वासच अडकला. हाऽ निघेचना. वर्ख नुसता ठेवला मुकुटावर.

मग शिपाई जेवायला गेले. वर्खाचा एवढासा तुकडा उरला होता. चित्राच्या कोपऱ्यात एक झाडणारीण होती, कडेवर बाळ. भिवराने बाळाच्या टोपड्याला डिंक लावला, वाळू दिला. मग हाऽ केलं, अगदी पोटातून, आपण टेंगळावर करतो ना तसं. आणि तुकडा तिथे बसवला.

राजा आला. बघतो तर काय!

"झाडणारणीच्या पोराला सोनं? काढ ते!"

"नाही काढणार, महाराज."

"दिवस मावळायच्या आत निघालं नाही, तर तुझे रंग नदीत! आणि तू पोरीसकट राज्याबाहेर!"

एवढ्याशा लेकराला घेऊन जायचं कुठे? भिवराने मथीला पोटाशी धरलं. पण म्हणाली काय? "मी लावलंय, मी काढणार नाही. तुम्हाला निघत असेल तर काढा."

मग शिपायाने सुरीने खरवडलं. सुरी बोथट झाली, सोनं तसंच.

मग प्रधानाने चित्रावर तांब्याभर पाणी ओतलं. राजाचा अंगरखा वाहून गेला. गादी गेली. प्रधानाची मिशीसुद्धा गेली! मुकुटाचा वर्ख तरंगत निघाला. बाळाचं टोपडं मात्र जास्तच लखलखायला लागलं.

मग राजा स्वतः धावला. "अरे, माझा मुकुट!" वर्ख धरायला गेला, तो सगळा बोटांना चिकटला. घाम पुसायला गेला, तो नाकाला चिकटला. सोन्याचं नाक! मथी खुदकन हसली. मग शिपाई हसले. प्रधान खोकल्यासारखं करून हसला.

राजाने आरशात बघितलं. हळूच विचारलं, "माझंच का गं गेलं?"

"तुमचं भाल्याच्या धाकाने ठेवलं होतं, महाराज. बाळाच्या टोपड्याला हाऽ केलं होतं."

"मग मलाही कर की हाऽ."

"करीन. आधी भाले बाहेर जाऊ देत. आणि बाळाचं सोनं राहील."

राजाने नाक चोळलं. निघेना. "बरं बाई, राहू दे."

मग भिवराने नवं चित्र काढलं. राजाला मुकुट सोन्याचा आणि बाळाला टोपडंही सोन्याचं. झाडणारीण बाळाला घेऊन बघायला आली, तर बाळ टोपडं सोडून राजाचं नाकच बघत बसलं. सगळे मजेत राहिले.

चला, मिटा डोळे. कपाळ आणा इकडे. हाऽऽ. बसलं हं सोनं. आता ते कोणाच्या बापाला निघायचं नाही. झोपा.