रिकामी धाव

फार जुन्या काळी घडलेली ही गोष्ट आहे. तेव्हा खेळाच्या मैदानाला कुंपण नसायचं. सामना रंगात आला असताना एखादी मेंढी आत शिरली, तर दोन्ही बाजूचे गडी थांबायचे आणि ती बाहेर जाईपर्यंत वाट बघायचे.

उत्तरेकडच्या जर्मन मुलखात, डोंगराच्या कुशीत एक लहानसं गाव होतं. तिथे लाकडी जोडे कोरणाऱ्या एका कारागिराला थिलो नावाचा मुलगा होता. पिकं घरात आली की त्या मुलखातली गावं एकमेकांशी चेंडू खेळत. चेंडू चामड्याचा. मैदानाच्या दोन्ही टोकांना दोन-दोन खांब. चेंडूला हात लावायचा नाही आणि पायानं मारून तो समोरच्या खांबांमधून घालवायचा. घातला की गोल. सगळ्यांच्या पुढे राहून हे काम करतो, तो आघाडीचा खेळाडू.

थिलो आघाडीवर खेळायचा. तो फार धिप्पाड नव्हता, पण पायानं वाऱ्यासारखा होता आणि चेंडू कुठे येऊन पडणार हे त्याला इतरांच्या आधी कळायचं. तो खेळायला लागल्यापासून डोंगरातलं ते गाव हरणं विसरून गेलं.

ही कीर्ती नदीकाठच्या मोठ्या शहरापर्यंत पोचली. त्या शहराच्या संघाला वेंडेल नावाचे म्हातारे वस्ताद शिकवायचे. ते स्वतः घोड्यावर बसून गावात आले, एक सामना पाहिला आणि थिलोच्या बापाला म्हणाले, "पोरगा माझ्याकडे द्या. याच्या पायांना हे मैदान पुरायचं नाही."

आईनं भाकरी बांधून दिली. निघताना म्हणाली, "लोक तुझं कौतुक करतील. ते ऐक, पण त्यावर जगू नकोस. त्यानं पोट भरत नाही, भूक मात्र वाढते."

थिलोनं मान हलवली. पण त्या वयात आईचं बोलणं कानावर पडतं, आत उतरत नाही.

शहरात एक प्रथा होती. सामना जिंकला की गोल करणाऱ्याला खांद्यावर घेऊन चौकात नेत, आणि नगरशेठ स्वतःच्या हातानं त्याच्या गळ्यात ओकच्या पानांचा हार घालत. पहिल्याच वर्षी थिलोला इतके हार मिळाले, की त्याच्या खोलीच्या भिंतीवर खिळे कमी पडले. पाव विकणारी बाई त्याला गरम पाव आधी द्यायची. अनोळखी माणसं रस्त्यात थांबून त्याच्याशी हात मिळवायची.

हळूहळू थिलोला त्या हाराचं वेड लागलं. संघ जिंकला आणि हार दुसऱ्याला मिळाला, तर त्याला रात्रीचं जेवण गोड लागेना.

एकदा जत्रेच्या मोठ्या सामन्यात असंच झालं. संघात आर्ने नावाचा एक गडी होता, अबोल, कडेकडेनं धावणारा. सामना संपत आला असताना शेवटचा गोल आर्नेनं केला. सगळे त्याच्याकडे धावले, त्याला उचलून घेतलं. थिलो मात्र मैदानाच्या कडेला बसला आणि जोड्याची वादी आवळू लागला. ती वादी सैल झालेली नव्हती. आर्नेनं ते पाहिलं. वस्तादांनीही पाहिलं.

पुढच्याच महिन्यात एका सामन्यात दोन गडी एकदम थिलोवर आदळले. त्याचा गुडघा पिरगळला आणि तो तिथेच कोसळला. वैद्यानं पाय फळ्यांमध्ये बांधला आणि सांगितलं, "चालशील. खेळण्याचं मी काही सांगू शकत नाही."

तो हिवाळा थिलोनं खाटेवर काढला. सुरुवातीला बरेच लोक भेटायला आले. मग बर्फ पडला, लोक कमी झाले, आणि नंतर येईनासे झाले. भिंतीवरच्या हारांची पानं वाळून जमिनीवर गळू लागली. खिडकीतून चौकातला जयघोष ऐकू यायचा. आता तो दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाचा असायचा. थिलो उठता येत नसतानाही काठीनं खिडकी लोटून घ्यायचा.

एक माणूस मात्र रोज यायचा. तो आर्ने. तो चूल पेटवायचा, थिलोला खांद्याचा आधार देऊन खोलीत चालवायचा आणि फारसं न बोलता निघून जायचा.

एके दिवशी थिलोला राहवेना. तो म्हणाला, "आर्ने, जत्रेच्या सामन्यात तू गोल केलास, तेव्हा मी तुझ्याजवळ आलो नाही. तू पाहिलं होतंस."

"पाहिलं होतं," आर्ने म्हणाला. "वाईटही वाटलं होतं."

"मग तू इथे का येतोस?"

आर्नेनं चुलीत लाकूड सरकवलं. "तो गोल कसा झाला, आठवतं तुला? तू उजवीकडे धावलास. त्यांचे दोघे तुझ्या मागे लागले, कारण सगळे तुलाच भ्यायचे. मधली जागा मोकळी पडली. मी नुसता आत शिरलो. तू धावला नसतास, तर मी कशाला तिथे पोचतोय? तो गोल अर्धा तुझा होता. मला वाटायचं, तुला हे ठाऊक आहे."

थिलोला हे ठाऊक नव्हतं. ज्या धावेच्या शेवटी चेंडू मिळाला नाही, ती धाव वाया गेली, असंच तो आजवर समजत आला होता. आपल्या खेळाचा एवढा मोठा भाग आपल्याच नजरेला कधी पडला नाही, याचं त्याला नवल वाटलं, आणि थोडी लाजही वाटली.

वसंतात थिलो मैदानावर परतला. गुडघा बरा झाला होता, पण पहिला वेग गेला होता. पूर्वी ज्या गड्याला तो सहज मागे टाकायचा, तो आता त्याच्या बरोबरीनं पळायचा. मग थिलो दुसरं काही करू लागला. तो अशा जागी धावायचा, की समोरच्या गड्याला त्याच्या मागे यावंच लागे. एकाला डावीकडे ओढून न्यायचा, दुसऱ्याला पुढे. मागे वाट मोकळी झाली की आर्ने नाहीतर आणखी कुणी आत घुसायचा. घामाघूम होऊन थिलो एखाद्या कोपऱ्यात उभा असायचा आणि गोल दुसरीकडेच झालेला असायचा.

हे सोपं नव्हतं. हार दुसऱ्याच्या गळ्यात पडताना त्याच्या मनात अजूनही कळ उठायची. पण आता तो सगळ्यांबरोबर चौकापर्यंत चालत जायचा.

वस्ताद वेंडेल एकदा त्याला म्हणाले, "पूर्वी तुझे पाय खेळायचे. आता तू खेळतोस."

लोकांना मात्र हे दिसत नव्हतं. पाव विकणारी बाई म्हणायची, "बिचाऱ्याचं संपलं." मैदानाच्या कडेनं बसणारे म्हणायचे, "हा नुसता पळतो. चेंडू एकीकडे, हा भलतीकडे." आणि नगरशेठ लोकांचंच ऐकायचे.

वर्ष सरलं तेव्हा त्यांनी वस्तादांना बोलावून घेतलं. "वस्ताद, आघाडीच्या गड्याला वर्षभरात एकही हार मिळाला नाही. त्याला जाऊ द्या."

"शेठजी, तुम्ही हार बघता. खेळ बघा," वेंडेल म्हणाले. "तो मैदानात असतो, म्हणून बाकीच्यांना वाट मिळते."

"लोक वाटा बघायला येत नाहीत, गोल बघायला येतात."

"वाटेशिवाय गोल होत नाही, शेठजी."

पण नगरशेठांचं ठरलं होतं. वस्तादांचा शब्द तिथे चालला नाही. ही बातमी ऐकून आर्ने संतापला आणि आपलंही सामान बांधू लागला. थिलोनं त्याचा हात धरला.

"तू राहा. वस्ताद आता थकलेत. दोघंही गेलो, तर ते शिकवतील कुणाला?"

थिलो एकटाच निघाला. वेशीपर्यंत तो ताठ मानेनं चालला. पुढे नदीकाठी कुणी नव्हतं, तिथे एका दगडावर बसून तो बराच वेळ रडला. मग तोंड धुतलं आणि नदी ज्या दिशेनं जात होती, त्या दिशेनं चालू लागला.

नदी जिथे समुद्राला मिळते तिथे मिठागरांचं एक गाव होतं. त्या गावाचा संघ दरवर्षी हरायचा. मिठागरांची मालकीण हिल्के नावाची एक विधवा होती. संघाचं जेवणखाण तीच बघायची, त्यामुळे शब्दही तिचाच चालायचा. थिलो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

ती म्हणाली, "इथे येणारा प्रत्येक जण मला गोलांचं वचन देतो. तू काय देतोस?"

"मी धावेन, बाई."

"कुठे?"

"बहुतेक वेळा, जिथे चेंडू येणार नाही तिथे."

हिल्के हसली. "मग नवीन ते काय? आमचे गडीही तेच करतात." पण या माणसानं आल्या आल्या खोटं सांगितलं नाही, एवढं तिच्या ध्यानात आलं. तिनं त्याला ठेवून घेतलं.

गावचा आघाडीचा गडी होता क्लास नावाचा, चांगला तिशीतला, मिठाची पोती एकट्यानं उचलणारा. अंगात ताकद होती, पण समोर कुणी आलं की तो घाबरून चेंडू कुठेही मारून टाकायचा. थिलो त्याला म्हणाला, "तुझ्यासमोर कुणी येणार नाही, एवढं मी बघतो. तू फक्त घाई करू नकोस."

आणि तसंच होऊ लागलं. थिलो धावायचा, समोरचे गडी त्याच्या मागे जायचे, आणि क्लासला चेंडू मारण्याआधी श्वास घ्यायला सवड मिळायची. गाव पहिल्यांदा जिंकलं तेव्हा क्लास चेंडू कवटाळून उभाच राहिला. पुढे काय करायचं असतं, हे त्याला माहीत नव्हतं.

इकडे शहरात उलटं चाललं होतं. थिलो गेल्यावर समोरच्या संघांना फक्त आर्नेवर नजर ठेवायची उरली. दोघं-तिघं त्याला घेरून उभे राहायचे. नगरशेठांनी एकामागून एक नवे आघाडीवीर आणले. ते सगळे गोल करायलाच धावायचे, एकाच जागी गर्दी करायचे आणि एकमेकांच्या पायात अडकायचे.

अखेर एका शरदात शहराचा संघ मिठागरांच्या गावी खेळायला आला. जो हरेल तो जत्रेच्या मोठ्या सामन्यांतून बाहेर जाणार होता. नगरशेठ उंच खुर्चीवर बसले होते. सगळं गाव वाळूत बसलं होतं.

सामना बरोबरीत चालला. ऊन कलायला आलं तेव्हा कडेनं एक चेंडू जोरात आला, थेट थिलोच्या दिशेनं. खांब अगदी समोर होते. शहराचे दोन गडी त्याच्याकडे झेपावले. खांबांमध्ये उभा असलेला राखणदारही त्याच्यावर डोळे रोखून पुढे सरसावला. थिलोनं पाय उचलला. तो चेंडू त्याला मारता आला असता. ज्या शहरानं त्याला हाकललं, त्याच्याच डोळ्यांदेखत मारता आला असता. तशी इच्छा त्याच्या मनात आली नाही, असं मी म्हणणार नाही.

त्यानं उचललेला पाय चेंडूवरून पलीकडे नेला. चेंडू त्याच्या दोन पायांमधून तसाच पुढे गेला. मागे क्लास एकटा उभा होता. त्यानं श्वास घेतला आणि चेंडू खांबांमधून अलगद ढकलला.

राखणदार वाळूत पडला होता. त्यानं थिलोला विचारलं, "तू मारला का नाहीस?"

"तू माझ्याकडेच बघत होतास म्हणून," थिलो म्हणाला आणि त्याला हात देऊन उठवलं.

सामना संपल्यावर नगरशेठ खुर्चीवरून उतरून वाळू तुडवत आले. थिलोनं त्या शेवटच्या चेंडूला स्पर्शही न करता आपल्याला हरवलं, हे त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ते म्हणाले, "थिलो, माझं चुकलं. परत चल. मागशील ते देतो."

थिलोला राग आला नाही. तो शांतपणे म्हणाला, "शेठजी, या लोकांनी मला ठेवून घेतलं, तेव्हा वर्षभरात माझ्या नावावर एकही गोल नव्हता. यांना मी सोडणार नाही. तुमच्याकडे आर्ने आहे, त्याला जपा. आणि वस्ताद बोलतील ते यापुढे ऐका."

शहराचा संघ जत्रेतून बाहेर पडला आणि पुन्हा मोठ्या सामन्यांपर्यंत यायला त्यांना कितीतरी वर्षं लागली. तोवर संघाचा कारभार नगरशेठांकडून काढून लोकांनी आर्नेच्या हाती दिला होता. थिलो मिठागरांच्या गावातच राहिला. केस पिकेपर्यंत खेळला, आणि मग जो कुणी शिकायला येईल त्याला शिकवत राहिला. त्या गावात एक सवय मात्र कायमची पडली. पाहुण्यानं विचारलं, की गोल कुणी केला, तर गावकरी आधी कोण कुठे धावला ते सांगायचे, आणि चेंडू मारणाऱ्याचं नाव सर्वांत शेवटी घ्यायचे.

तात्पर्य : यश ज्याच्या हातून घडतं त्याचा मान करावाच, पण ज्यानं त्याची वाट मोकळी केली त्याला विसरणारा पुढचं यश गमावून बसतो.