पिंप कुणाचं?

घरी बिअर बनवायच्या हौसेपायी सुबोध केंकरेने म्हापशाच्या भंगारवाल्याकडून बिअरचं जुनं पिंप रीतसर विकत आणलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ठेवलं. दुसऱ्याच दिवशी बिअर कंपनीचे मॅनेजर रुबाबात दारात हजर!

“पिंप आमचं आहे, त्यावर आमचा शिक्का आहे. पोलिसांना बोलावू?”

सुबोध पावती शोधू लागला. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीकडून ‘फुस्स’ आवाज झाला.

“बरं झालं आलात,” त्याची बायको वृंदा म्हणाली. “आत गॅस कोंडलाय, कधी फुटेल नेम नाही. तुमचंच ना? मग तोंड तुम्हीच उघडा.”

मॅनेजर झटकन मागे सरले. “छे, हा शिक्का आमचा नाही!” म्हणत ते जीपमध्ये बसले.

सुबोध ओरडला, “वृंदा, पळ!”

“कुठे पळू? गॅस भंगारवाल्यानंच काढलाय. फुसफुसतोय तो आपला कुकर. आधी वरण उतरवू दे.”