पाचवी रेघ

"गालगुंडासाठी नवस किती वेळा बोललात, बाई?"

कर्नल खांबेट्यांनी हा प्रश्न विचारला, आणि शेजारी उभ्या असलेल्या कॅप्टन निंबकरांच्या हातातली लाल पेन्सिल चाळा करायची थांबली.

छावणीतलं लष्करी इस्पितळ. मुलांचा वॉर्ड. सात नंबरच्या खाटेवर आठ वर्षांचा दत्तू तापानं फणफणलेला. खाटेच्या पायाशी, जमिनीवर, त्याची आई आनंदी बसली होती. हवालदार पिसाळांची ही बायको. नवरा सरहद्दीवर, आणि ही इथं, या पोराच्या उशापायथ्याशी.

"तीन येळा, सायेब," ती म्हणाली.

"सर, ते मी खोडलंय." कॅप्टननी कागद पुढे केला. "गालगुंड माणसाला जन्मात एकदाच होतं. तीनदा कसं होईल? बाईंचा घोटाळा होतोय. इतके ताप, इतके देव..."

कर्नलांनी कागदाकडे पाहिलंच नाही. ते गुडघे मोडून आनंदीसमोर उकिडवे बसले. साठीकडे झुकलेला माणूस, खांद्यावर पितळी चिन्हं, आणि बसला तो शेतातल्या बांधावर बसावा तसा.

"पहिल्यांदा कुणाला बोललात?"

"यमाईला. वटी भरीन म्हनलं. दुसऱ्यांदा जोतिबाला गुलाल. तिसऱ्यांदा बिरोबाला घोंगडी."

"देव का बदलले?"

आनंदी ओशाळली. "एकाच देवाला किती डाव साकडं घालायचं, सायेब? त्योबी म्हनंल, ही बया परत आली."

कर्नल खो खो हसले. दत्तूही तापात हसला. कॅप्टन तेवढे हसले नाहीत.

"आणि छातीच्या तापाला?"

"सोळा." ती थांबली नाही, बोटंही मोडली नाहीत. सोळा देव, सोळा नवस, कुठल्या सणाच्या आधी ताप आला, कशानं उतरला, नवस कुठं फेडला, सगळं धडाधड सांगत गेली. "येक बी बाकी न्हाई. समदं फेडलंय."

"कुठं लिहून ठेवलंय का?"

"नवस कुनी लिवून ठेवतं व्हय?" तिला खरोखरच नवल वाटलं. "ताप इसरंल मानूस. द्येवाला दिल्याला सबूद कसा इसरंल?"

कर्नल उठले. कॅप्टनच्या हातातली पेन्सिल त्यांनी हळूच काढून घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

"कॅप्टन, एकदा आलेलं दुखणं शरीर ओळखून ठेवतं. दुसऱ्यांदा दारात उभं करत नाही. हे पोर ओळखत नाही. का?"

"सर, पुस्तकात..."

"पुस्तकाला गालगुंड झालंय का?"

...

कॅप्टन निंबकरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्यांचं मन आधीच या वॉर्डात नव्हतं. शस्त्रक्रियेत नाव काढायचं, आघाडीवरच्या तंबूत जवानांचे जीव वाचवायचे, हे स्वप्न. छुरी धरायची तर हाती आला खुळखुळा. मेसमध्ये मित्र चेष्टा करत, "काय रे, आज किती शेंबूड शत्रूकडून हस्तगत केले?"

कर्नलांचीही अशी चेष्टा तीस वर्षं झाली होती. लष्करात मुलांचा डॉक्टर कशाला, रणांगणावर कुणी रांगत जातं का? बरोबरीचे छातीवर पदकं लावून निवृत्त झाले. हे मात्र छावणीमागून छावणी हिंडले, आणि जिथं गेले तिथं जवानांची पोरं खांद्यावर घेतली. एकदाच म्हणाले होते, "बंदुकीमागचा माणूस अर्धा घरीच असतो. त्या अर्ध्याचा डॉक्टर मी."

कॅप्टनना ते वाक्य तेव्हा भाबडं वाटलं होतं. आता मात्र ते डोक्यात घोळत होतं, आणि त्याच्या मागून दुसरं. का? हे पोर ओळखत का नाही?

पेनिसिलिननं ताप उतरला. पण कॅप्टनना चैन पडेना. त्यांनी दत्तूला रोग ओळखायला शिकवणाऱ्या लशी टोचल्या. काही आठवड्यांनी रक्त तपासलं. लस अंगात गेली होती, आणि अंगाला तिचा पत्ताच नव्हता. पुन्हा टोचली. पुन्हा तेच.

"तुमी टोचताना डोळं का मिटता?" दत्तूनं विचारलं.

"कोण मी? छे."

"मिटता. मी बगतो."

इस्पितळात त्याच महिन्यात एक नवं यंत्र आलं होतं. रक्ताची निवळ कागदाच्या फितीवर सोडायची, विजेच्या जोरावर त्यातली द्रव्यं वेगवेगळी करायची, मग रंग द्यायचा, की पाच निळ्या रेघा उमटत. रोगाशी झुंजणारी द्रव्यं पाचव्या रेघेत.

दत्तूच्या फितीवर चारच उमटल्या.

"यंत्र बिघडलंय," कॅप्टननी प्रयोगशाळेतल्या सुभेदार कुरियनना सांगितलं. "पुन्हा करा."

पुन्हा चार.

"रंग शिळा असेल. पुन्हा."

चार.

"साब," कुरियन शांतपणे म्हणाले, "मशीन पर शक है तो अपना खून दीजिए."

कॅप्टननी बाही वर केली. त्यांच्या फितीवर पाच रेघा उमटल्या. ठसठशीत.

मग ते त्या दोन फिती घेऊन इस्पितळाच्या व्हरांड्यात कितीतरी वेळ येरझारा घालत राहिले. बुटांचा आवाज ऐकून नर्सबाई दोनदा डोकावून गेल्या. काही हवंय का, म्हणाल्या.

शेवटी ते कर्नलांच्या खोलीत शिरले. टेबलावर फिती शेजारी शेजारी ठेवल्या.

"सर, ही माझी. ही दत्तूची. तिसऱ्यांदा केली. यात काहीच सापडत नाही."

"कुठं?"

"इथं." कॅप्टननी कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

कर्नलांनी त्या बोटाकडे पाहिलं. मग कॅप्टनकडे.

"सर, इथं काहीच..."

कॅप्टनचं बोट त्या कोऱ्या जागेवर तसंच राहिलं.

"...इथं काहीच नाही," ते अगदी हळू म्हणाले. "म्हणजे... हेच. हेच आहे ते."

"चार महिने तुम्ही काय शोधत होतात?"

"त्याच्या अंगात काय जास्तीचं शिरलंय ते."

"हं." कर्नलांनी खिशातून लाल पेन्सिल काढली आणि परत दिली. "लिहा आता."

कॅप्टन लिहायला बसले. असं दुखणं त्या इस्पितळात कुणी पाहिलं नव्हतं, त्यांच्या पुस्तकांतही त्याचं नाव नव्हतं. निबंध तयार झाला. पहिल्या पानावर 'शोधकर्ता' म्हणून त्यांनी आपलं नाव घातलं, वर कर्नलांचं घातलं. कर्नलांनी वाचून परत केला. स्वतःचं नाव काट मारून काढलं होतं, आणि समासात एकच ओळ होती : गालगुंड तीनदा, हे कुणी सांगितलं?

त्यानंतर कॅप्टनना तो निबंध बरेच दिवस उघडवला नाही.

...

औषध मात्र सापडलं. जे पोराच्या अंगात बनत नव्हतं ते दुसऱ्यांच्या रक्तातून वेगळं काढून द्यायचं. मांडीत सुई, महिन्यातून एकदा.

पहिला महिना गेला. दुसरा गेला. श्रावण आला, दरवर्षी याच दिवसांत दत्तूची छाती भरायची. भरली नाही. भादवा गेला. दत्तू वॉर्डाच्या अंगणात गोट्या खेळू लागला आणि कुरियनना हरवू लागला.

पाचव्या सुईच्या दिवशी आनंदी नवं लुगडं नेसून आली. कर्नल आणि कॅप्टन दोघंही वॉर्डातच होते. तिनं दोघांपुढे गूळखोबरं ठेवलं.

"सायेब, ह्या डावाला म्या कुठल्याच द्येवाला बोलले न्हाई. तुमचीच सुई धरली. आता येवडंच सांगा, किती म्हैनं? उद्यापनाची तयारी करून ठिवते."

कॅप्टननी हातातली सुई खाली ठेवली.

उत्तर त्यांना ठाऊक होतं. दिलेलं द्रव्य महिनाभरात विरून जातं. दत्तूचं अंग ते कधीच बनवणार नाही. एक महिना चुकला, दुसरा चुकला, की पुन्हा छाती, आणि मग सतरावा नवस फेडायची वेळ कदाचित येणारच नाही.

"बाई," ते म्हणाले, "याला... याला उद्यापन नाही."

बाहेर दत्तूचा आवाज येत होता. कुणाची तरी गोटी त्यानं उडवली होती.

"जलमभर?"

"जन्मभर."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. सोडलं. पुन्हा गुंडाळलं. मग हळूहळू तिचा चेहरा मोकळा झाला.

"मंग संकष्टीवानीच की वं," ती म्हणाली. "माजी लग्नाच्या सालापास्नं हाय. घरात सुतक असू द्या, बाळंतपन असू द्या, चंद्र बगितल्याबिगार घास घेतला न्हाई. त्याचं तरी कुटं उद्यापन केलंय? चालवायची हाय तवर." आणि मग, अगदी सहज, "सुई द्यायाला मानूस असला म्हंजे झालं."

कॅप्टनचा हात आपोआप खिशाकडे गेला.

खिशात बदलीचा हुकूम होता. मोठं इस्पितळ, शस्त्रक्रियेचा विभाग. सहा वर्षं ज्याची वाट पाहिली तो कागद. चार दिवस घडी घालून ठेवलेला, कुणाला न दाखवलेला. नको म्हणायचं तर उद्यापर्यंत म्हणता येणार होतं.

आणि कर्नल चैत्रात निवृत्त होत होते.

"सर," कॅप्टन म्हणाले, "मी गेल्यावर नवा कुणी येईल. त्याला सगळं समजावून..."

कर्नलांनी गुळाचा खडा तोंडात टाकला. बराच वेळ चघळला.

"पुढची संकष्टी कधी, बाई?"

"मंगळवारी, सायेब. अंगारकी हाय."

कर्नलांनी उरलेलं गूळखोबरं उचललं, आणि कॅप्टनच्या खिशाशी अडकलेला हात सोडवून त्या तळव्यावर ठेवलं.

"या बाईंनी एक व्रत धरलंय," ते म्हणाले. "तुम्हीही एक धरा."