केशरचे पांढरे ठिपके

एक होतं काचेचं घर. घरात होतं पाणी. पाण्यात होती मासोळी. एवढीश्शी. तिचं नाव केशर.

केशर लखलख करायची. एके दिवशी उठते तर काय? लखलख गेली! अंगभर पांढरे ठिपके. जसा काही रवाच सांडलाय.

ठिपके खाजायला लागले. केशरनं दगडाला अंग घासलं. खस् खस्, खस् खस्. ठिपके जाईनात. खाऊ गोड लागेना. पंख उघडेनात.

"असं कसं चालेल? ठिपके गेलेच पाहिजेत," केशर म्हणाली.

"पाणीदादा, पाणीदादा, माझे ठिपके काढ ना!"

पाणी म्हणालं, "मी गार. मी अळणी. हीटर तापवील, तर काढीन."

केशर गेली सुळुक सुळुक.

"हीटरदादा, हीटरदादा, पाणी तापव ना! पाणी ठिपके काढेना."

हीटर म्हणाला, "मी तर झोपलोय. बटण उठवील, तर तापवीन."

केशर गेली सुळुक सुळुक. काचेला तोंड लावलं. भिंतीवर बटण होतं.

"बटणदादा, बटणदादा, हीटरला उठव ना! हीटर पाणी तापवेना. पाणी ठिपके काढेना."

बटण म्हणालं, "मी आपलं आपण दबत नाही. वामनकाका दाबतील, तर उठवीन."

केशर गेली सुळुक सुळुक. काचेपलीकडे वामनकाका पेपर वाचत होते.

"काका, काका, बटण दाबा ना! बटण हीटरला उठवेना. हीटर पाणी तापवेना. पाणी ठिपके काढेना."

काका म्हणाले, "छे गं बाई! आमच्याकडे काकूंच्या हुकुमाशिवाय पंखासुद्धा फिरत नाही. काकू सांगतील, तर दाबीन."

केशर गेली सुळुक सुळुक. समोर नलूकाकू उभ्या होत्या. काकूंना वाटलं होतं, केशरला दृष्ट लागली. म्हणून मुठीत घेतलं होतं खडेमीठ, घेतल्या होत्या मोहऱ्या. मूठ काचेच्या घरावरून फिरत होती. गोल गोल, गोल गोल.

"काकू, काकू, काकांना सांगा ना! काका बटण दाबेनात. बटण हीटरला उठवेना. हीटर पाणी तापवेना. पाणी ठिपके काढेना."

काकू म्हणाल्या, "हुं हुं!"

दृष्ट काढताना बोलायचं नसतं. काकूंनी नुसतं मुठीकडे बोट दाखवलं.

केशर गेली सुळुक सुळुक. अगदी वर.

"मूठताई, मूठताई, उघड ना! काकू काकांना सांगेनात. काका बटण दाबेनात. बटण हीटरला उठवेना. हीटर पाणी तापवेना. पाणी ठिपके काढेना."

मूठ म्हणाली, "मी शेगडीवर उघडते. तडतड तडतड. इथे मुळीच उघडायची नाही!"

आता मात्र केशरला आला राग. इतका राग, इतका राग! तिनं शेपटी उचलली आणि…

छपाक्!

पाणी उडालं काकूंच्या नाकावर.

"अगं बाई!" काकू दचकल्या.

मूठ उघडली. मीठ पडलं पाण्यात. डुबुक डुबुक डुबुक. मोहऱ्याही पडल्या.

"आता शेगडीत काय टाकू, कपाळ?" काकू म्हणाल्या. मोहऱ्या वेचायला त्यांनी हात घातला. "अहो! पाणी बघा किती गार! बिचारी कुडकुडतेय. ते बटण दाबा आधी!"

"आधी तू हात बाहेर काढ," काका म्हणाले.

काकूंनी हात काढला. काकांनी बटण दाबलं. खट्!
बटणानं हीटरला उठवलं.
हीटरनं पाणी तापवलं.
पाणी झालं ऊन ऊन, खारट खारट. पाण्यानं ठिपके काढले.

लगेच नाही हं! आज थोडे, उद्या थोडे, परवा थोडे. काकांनी नळी लावून तळाचं पाणी काढलं. नवं पाणी घातलं. भुळूक भुळूक, भुळूक भुळूक. आणि एके दिवशी एकही ठिपका नाही!

"बघितलंत? दृष्ट उतरली," काकू म्हणाल्या.

"दृष्ट कसली? आजार होता तो. मिठानं गेला, उबेनं गेला."

"आणि मीठ कुणाचं होतं हो?"

काकांनी पेपर उघडला.

केशरनं खाऊ खाल्ला. गट्टम्! पंख उघडले. फर्रर्र! अंग कसं लखलख लखलख.

मीठ विरघळलं पाण्यात,
गोष्ट विरघळली कानात.