शांततेला निघालेली पलटण

आमच्या वाडीत घरटी एक माणूस फौजेत. म्हणून दिनकरराव पुढारी मुद्दाम आमच्याच चावडीवर आला. समुद्रापलीकडं दोन देश भांडत होते. कोण कोणाशी आणि कशापायी, ते मला आजही कळलेलं नाही. पुढारी म्हणाला, "तिथं शांतता करायला आपली फौज पाठवायची. हात वर करा, म्हणजे सैनिकांचं गाव पाठीशी आहे असं वर कळवतो."

शांतता म्हटल्यावर सगळे हात वर. मग कोणीतरी विचारलं, "फौज घरीच राहू दे म्हणणारे किती?" तेव्हाही तेच हात वर. माझाही होता. डोकंच चालेना, त्याला काय करणार!

जाणार होती ती पलटण बायजाक्काच्या नातवाची. म्हातारी उठली.

"दिनकरा, बांधावरनं दोन भाऊ भांडले तर आपल्यात पंच कधी जातो?"

"दोघांनी विडा देऊन बोलावल्यावर, आक्का."

"एकानंच दिला तर?"

"मग तो पंच कसला? तो त्याच्या बाजूनं भांडायला आलेला."

"बरं. त्या दोन देशांपैकी कितींनी आपल्याला बोलावलंय?"

पुढाऱ्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. "एकानं."

"मग भांडायला पाठवतोय असं म्हण, आणि आता हात माग."

पुढारी तसं म्हणेना. शेवटी आक्कानंच विचारलं, "भांडायला पाठवा म्हणणारे किती?" चारपाच हात वर गेले. थोडे होते, पण कशासाठी वर केलेत ते या खेपेला त्यांना तरी ठाऊक होतं.

पुढाऱ्याचा हात त्यात नव्हता.