चंद्रावरचा ठिपका आणि तांब्याच्या दोन वाट्या

खूप जुन्या काळची गोष्ट. तेव्हा घड्याळं नव्हती. एका राज्यात राजवाड्याच्या बुरुजावर बसून एक बाई वेळ मोजायची. तळाला बारीक छिद्र आणि आतून मोजणीच्या रेघा असलेली तांब्याची वाटी ती घंगाळातल्या पाण्यावर सोडायची. वाटी भरून बुडाली की एक घटका झाली, आणि मग ती घंटेवर टोला द्यायची. तिच्या टोल्यावर वेशीचे दरवाजे मिटायचे, इतका तिच्यावर सगळ्यांचा भरवसा होता.

एका तिन्हीसांजेला चतुर्थीच्या चंद्राच्या अंधाऱ्या भागात तिला एक तांबूस ठिपका दिसला. थोडा वेळ राहिला आणि विझला. तिने पाहिलं तसं दरबारात सांगितलं.

मग काय, पंडितांना चेव आला. एक म्हणाला, "चंद्रावर धोंडा आदळला असणार." दुसरा म्हणाला, "छे, त्याच्या पोटातली वाफ बाहेर पडली." तिसऱ्याच्या मते तो आपल्याच हवेचा खेळ होता. बाईला मात्र कुणी एक शब्द विचारला नाही. शेवटी राजज्योतिषी उठले.

"महाराज, हिला डुलकी लागली असेल. बुरुजावर बसून स्वप्नं पाहणारीच्या टोल्यावर राज्य कसं चालायचं?"

राजाने बाईला विचारलं, "कशाचा उजेड होता तो?"

"मला माहीत नाही, महाराज. पण शोधता येईल. दर चतुर्थीला ज्योतिषीबुवांनी दहा कोसांवरच्या डोंगरावर बसावं, मी इथे बसते. मधल्या टेकडीवर मशाल पेटली की दोघांनी एकदमच वाटी सोडायची. हवेचा खेळ असेल तर एकालाच दिसेल. चंद्रावरचा असेल तर दोघांना, एकाच वेळी."

"आणि वर्षभरात तसं झालं नाही तर?" राजाने विचारलं.

"तर घंटा दुसऱ्या कुणाच्या हाती द्या."

दर महिन्याला दोघांचे लाखबंद कागद दरबारात उघडले जात. आठव्या महिन्यात बाईच्या कागदावर ठिपक्याची नोंद होती, ज्योतिष्यांचा कागद कोरा. दरबारात खसखस पिकली.

"म्हणजे हा हवेचाच होता," बाई शांतपणे म्हणाली. स्वतःच्याच विरुद्ध जाणारं ते बोलणं ऐकून ज्योतिषी तिच्याकडे पाहतच राहिले. मनातून त्यांना स्वतःची लाज वाटली.

बाराव्या महिन्यात ज्योतिषी स्वतःच घोडा दामटत आले. कोरा कागद धाडला असता तर कुणाला कळणार होतं? पण ते भर दरबारात म्हणाले, "दुसरी वाटी, सातव्या रेघेपासून नवव्या रेघेपर्यंत. तांबूस. मी पाहिला."

राजाने बाईचा कागद उघडला. त्यावर तेच लिहिलं होतं.

"मग तो धोंडा होता की वाफ?" राजाने उतावीळपणे विचारलं.

"माहीत नाही," दोघं एकदमच म्हणाले.

पंडितांच्या माना खाली गेल्या. घंटा बाईकडेच राहिली. आणि ज्योतिषी कुणी न सांगता दर चतुर्थीला वाटी घेऊन डोंगर चढू लागले.

तात्पर्य: कारण सांगायची घाई न करता 'माहीत नाही' म्हणून जो पाहत राहतो, त्यालाच खरं सापडतं.